शेडमधली लाकडी जमीन आणि माझी एक चूक

या पानावर आपण लोणच्यापासून मुलांच्या परीक्षेपर्यंत पुष्कळ विषय वाचतो. आज मी जमिनीविषयी लिहिणार आहे. ही सात-बाराची जमीन नव्हे, पायाखालच्या फळ्यांची जमीन. विषय लहान वाटेल. पण याच फळ्यांपायी आमच्या आप्पांच्या पायाला नऊ टाके पडले, आणि त्या टाक्यांचा बराचसा दोष माझ्याकडे येतो.

आमचे गाव मंडणगड तालुक्यात. आप्पांनी मुंबईच्या गोदीत उभे आयुष्य काढले. तेथे सुतारांच्या हाताखाली सामान उचलता उचलता त्यांनी रंधा धरायला शिकून घेतले. आमच्या आजोबांच्या काळी रंधा आणि पटाशी ही दुसऱ्याच्या घरची हत्यारे होती. ती आपल्या हाती येतील असे आमच्याकडे कोणाच्या मनातही आले नव्हते. निवृत्त होऊन आप्पा गावी गेले ते एका पेटीत ही हत्यारे घेऊनच. २०१६ साली त्यांनी घरामागच्या परसात दहा फूट बाय बारा फुटांची शेड उभी केली. खाली चिऱ्याचे जोते, वर पत्रे आणि तीन बाजूंनी खिडक्या. धंदा करायचा नव्हता, हौस होती. वाडीतली मुले पोटावर पालथी पडून अभ्यास करतात हे त्यांना बघवत नसे. म्हणून मांडी घालून लिहिता येईल अशी उतरत्या फळीची बुटकी डेस्के ते करू लागले. सामानाचे पैसे मिळाले तर घ्यायचे, न मिळाले तर मुलाने पाढे म्हणून दाखवायचे.

शेडमध्ये त्यांनी फळ्यांची जमीन केली तेव्हा शेजारी हसले होते. "लाकडाची जमीन? अवो आप्पा, उद्या चुलीत घालायला बरी पडेल." कोकणात घराला कोबा असतो, लादी असते, नाहीतर शेणाने सारवलेली जमीन असते. फळ्या घालायच्या त्या माळ्यावर. पण आप्पांचा हिशेब वेगळा होता. चार तास दगडावर उभे राहिले की गुडघे बोलू लागतात, लाकूड पायाला किंचित दबते. पटाशी लादीवर पडली की तिची धार उडते, फळीवर पडली तर वाचते. शिवाय पावसाळ्यात लादी गार पडते आणि मुले तर खालीच बसणार. हे सगळे खरे होते. चूक जमीन करण्याच्या विचारात नव्हती, करण्याच्या पद्धतीत होती.

कोणत्या चुका झाल्या ते आधी सांगतो, कारण अशा चुका पुष्कळ घरी होतात. पहिली म्हणजे फळ्या आंब्याच्या होत्या, सेंटरिंगच्या कामातून उरलेल्या, स्वस्तात मिळालेल्या. आंब्याचे लाकूड मऊ. ते ओलीत टिकत नाही आणि किडीला तर मेजवानीच. दुसरी, फळ्यांखालचे वासे सरळ मातीवर टाकले होते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने माती पाण्याने भरलेली असते आणि तिला चिकटलेला वासा दिव्याच्या वातीसारखे ते पाणी वर ओढतो. तिसरी चूक माझी.

२०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो तो खांद्यावर गुंडाळी घेऊन. बोनस मिळाला होता. आप्पांची जमीन झिजू नये, डिंकाचे डाग पडू नयेत म्हणून मी व्हिनाइलचे जाड फ्लोअरिंग आणले होते, तेही लाकडी नक्षीचे. खऱ्या लाकडावर खोटे लाकूड! कडेपर्यंत बसवून आम्ही ते चारी बाजूंनी चिकटवून टाकले. शेड चकचकीत दिसू लागली, आप्पांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. मीही खूश होऊन मुंबईला परतलो.

ऑगस्ट २०१९ मध्ये आईचा फोन आला. आप्पा रंधा मारत होते. जोर देण्यासाठी त्यांनी डावा पाय मागे टेकला आणि तो पाय व्हिनाइलसकट फळी मोडून गुडघ्यापर्यंत खाली गेला. तुटलेल्या फळीच्या टोकाने पोटरी फाटली. हातभर अंतरावर तिसरीतली एक मुलगी नव्या डेस्कावर बाराखडी गिरवत बसली होती. तिचे वजन कमी म्हणून ती वाचली, एवढेच.

मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो. व्हिनाइल फाडून काढले तेव्हा खालच्या फळ्या हाताने चुरगाळता येत होत्या. पांढरी बुरशी सगळीकडे जाळ्यासारखी पसरली होती आणि वाशांत वाळवी होती. वर मात्र डागसुद्धा नव्हता. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मी गेल्या पावसापासून सांगतेय, आत कुबट वास मारतोय. ह्यांनाही पायाखाली मऊ लागत होतं. पण मुलाने हौसेने आणलंय, कसं उचकटायचं, म्हणून गप्प राहिले." यावर मला काही बोलता आले नाही.

लाकूड कसे कुजते हे मी नंतर समजून घेतले. नुसत्या पाण्याने लाकूड कुजत नाही. त्याला खाणारी बुरशी असते आणि तिला ओल लागते. शंभर किलो कोरड्या लाकडात वीस किलोपेक्षा जास्त पाणी मुरून राहिले की बुरशीला राहायला घर मिळते. त्याहून कोरडे असेल तर तिचे काही चालत नाही. म्हणजे लाकूड भिजले तरी बिघडत नाही, पण ते वाळायला हवे. खालून मातीची ओल चढत होती ती पूर्वी निदान वरून उडून जात होती. मी वर प्लॅस्टिक चिकटवून ती वाट बंद केली. पहिले वर्ष जी जमीन रडतखडत चालली, ती माझ्या भेटीनंतर दोन पावसाळ्यांत संपली. आम्ही वाणिज्य शाखेचे लोक मालमत्तेवर दरवर्षी घसारा काढतो. मी एकदम सगळा घसारा एकाच भेटीत काढला.

मुंबईच्या वाचकांनी ही गोष्ट गावची म्हणून सोडून देऊ नये. माळ्यावर पाण्याचे पिंप ठेवतो, त्याखाली प्लायवर प्लॅस्टिकचा कागद अंथरतो आणि वर्षानुवर्षे तो उचलून पाहत नाही. पिंपाचे दवबिंदू त्या कागदाखाली जाऊन बसतात. जुन्या लाकडी चाळींत मोरीजवळच्या तुळयांची भिंतीत गेलेली टोके आधी कुजतात, तीही याच कारणाने. कागद उचला आणि पेचकसाचे टोक लाकडात खुपसून पाहा. चांगल्या लाकडात ते सहज शिरत नाही.

आता दुसऱ्या जमिनीची हकिकत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा मंडणगड-दापोलीकडेही कौले-पत्रे उडाले, बागा झोपल्या. आमच्या आगरातला जुना फणस आडवा झाला. शेडचे अर्धे पत्रे गेले. टाळेबंदीमुळे मला गावी जाता येत नव्हते. आप्पा फोनवर म्हणाले, "फणस गेला, पण जमीन दिली बघ त्याने." फणसाच्या लाकडाचा पिवळा गाभा टिकाऊ असतो, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. कोकणातल्या जुन्या घरांत फणसाची दारे-चौकटी आजही दिसतात त्या उगाच नाहीत. मात्र कडेचा पांढरट भाग तितका टिकत नाही. सागवानाचेही तसेच. दुकानदार सागवान म्हणून देतो त्यात पांढरा भाग किती आहे हे बघूनच पैसे मोजावेत.

पावसाळा संपल्यावर ओंडके कापून इंचभर जाडीच्या, सहा इंच रुंदीच्या फळ्या काढल्या. मला घाई होती, आप्पांना नव्हती. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत वाळायला साधारण वर्ष लागते, असा सुतारांचा ठोकताळा आहे. पडवीत फळ्यांची थप्पी रचली. दोन फळ्यांमध्ये आडव्या पट्ट्या घातल्या म्हणजे हवा खेळते, आणि वर दगडांचे वजन ठेवले म्हणजे फळी वाकडी होत नाही. उन्हात टाकलेली फळी एका बाजूने लवकर सुकते आणि पन्हळीसारखी वळते. वर्षभर ती थप्पी पडवीची अर्धी जागा अडवून होती. आई रोज तिला अडखळे आणि रोज काहीतरी बोले. पण हलवू दिली नाही तिनेच.

डिसेंबर २०२१ मध्ये मी पंधरा दिवसांची रजा टाकली. प्रथम शेडमधली कुजकी माती आणि लाकडाचा चुरा खणून बाहेर काढला, कारण वाळवीला बोलावणे असते ते त्या चुऱ्याचे. शेडभोवती चर खणला, पत्रे जोत्याच्या बाहेर दोन फूट येतील असे टाकले, पन्हळ लावली. लाकडी जमिनीचे अर्धे रक्षण हे शेडच्या बाहेर होते, असे आता माझे ठाम मत झाले आहे. पाणी जोत्याशी येऊच दिले नाही तर पुढचे तेल-रंग वगैरे दुय्यम.

मग दहा वासे घातले. हे वासे मोडलेल्या जुन्या घराच्या किंजळाचे. दोन वाशांत सोळा इंचांचे अंतर. प्रत्येक वाशाखाली दोन टोकांना आणि मध्ये असे तीन चिरे, एकूण तीस. चिरा आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी कागदाचा तुकडा. जांभा दगड पाणी शोषतो, त्यामुळे वासा नुसता दगडावर ठेवला तरी ओल चढतेच. डांबरी कागद तिला अडवतो. मातीपासून वाशापर्यंत नऊ-दहा इंच मोकळी जागा राहिली. जोत्यात समोरासमोर भोके सोडून त्यांना बारीक जाळी लावली. हवा आत यावी, उंदीर आणि जनावर येऊ नये. मागच्या बाजूचा एक चिरा सुटा ठेवला आहे. तो काढून बॅटरी मारली की खालचे सगळे दिसते.

हे दिसणे महत्त्वाचे. वाळवी हवेत चालत नाही. ती मातीची बारीक नळी बांधत दगडावरून वर चढते. चिऱ्यावर अशी नळी दिसली की खरवडून टाकायची आणि आठवड्याने पुन्हा बघायचे. औषधाचा विषय निघाला तेव्हा वाडीतल्या एकाने जुनी बीएचसी पावडर देऊ केली, दुसऱ्याने रिक्षाचे जळके ऑइल. बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे. घरात जुना डबा सापडला तरी तो वापरू नये. जळके ऑइल कातडीला वाईट, त्याचा वास जात नाही आणि फळीवर बसणाऱ्या मुलांच्या कपड्यांना ते लागणारच. शिवाय आमची विहीर तीस फुटांवर आहे. जमिनीत ओतलेले औषध कुठे जाते हे आपल्याला दिसत नाही, म्हणून आम्ही काहीच ओतले नाही. वाळवी फारच वाढली असेल तर परवानाधारक माणसाला बोलवावे आणि विहीर किती अंतरावर आहे हे त्याला आधी सांगावे.

फळ्यांच्या खालच्या बाजूला मात्र आम्ही काजूच्या टरफलाचे तेल लावले. होड्यांना लावतात ते. लाकडासाठी चांगले, पण हाताला लागले की भाजल्यासारखे फोड येतात. मोजे असूनही माझ्या मनगटावर आलेच. फळीच्या टोकांना तेल सर्वांत जास्त पाजावे, कारण लाकूड बाजूने पाणी पिते त्याच्या कितीतरी पट वेगाने टोकाने पिते. कापलेले प्रत्येक टोक म्हणजे उघडे तोंड समजा.

फळ्या एकमेकींना घट्ट भिडवायच्या नाहीत. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. घट्ट बसवलेल्या फळ्या जुलैत एकमेकींना रेटून कमानीसारख्या उठतात. आप्पांनी मापासाठी जुने जाड पाच रुपयांचे नाणे घेतले. प्रत्येक दोन फळ्यांत ते उभे धरायचे, फळी ठोकून जवळ आणायची, नाणे काढून घ्यायचे. त्या फटींतून भुसा खाली पडतो आणि बारीक स्क्रूही हरवतात, हा तोटा आहे. तो मान्य करून पुढे जावे.

खिळे एकही मारला नाही. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, आधी भोक पाडून, डोके किंचित खाली बसवून. खारी हवा साध्या खिळ्याला चार वर्षांत खाते आणि गंजाभोवती लाकूड काळे पडते. स्क्रू महाग पडले खरे, एवढ्या खर्चात दोन पोती सिमेंट आले असते. पण स्क्रूची फळी कधीही उघडता येते, खिळ्याची फोडावी लागते. भाचा इथे उपयोगी पडला. त्याच्याकडे ड्रिल आहे आणि कमरेत वाकण्याचे वय आहे.

वरच्या बाजूला काय लावावे यावर आप्पांचा आणि माझा वाद झाला. मी वॉर्निश म्हणत होतो. ते म्हणाले, "वॉर्निशचा पापुद्रा होतो. पटाशी पडली की तो तुटतो, तिथून पाणी आत जातं आणि मग बाहेर येत नाही. तुझ्या त्या प्लॅस्टिकचा धाकटा भाऊ." पुढे मी वाद घातला नाही. घरातल्या कोरड्या खोलीत वॉर्निश किंवा पीयू चांगले दिसते व टिकते, पण जिथे हत्यारे पडतात आणि ओलसर पाय येतात तिथे तेल बरे. जवसाचे उकळलेले तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, ते आणि टर्पेंटाइन पहिल्या हाताला निम्मे-निम्मे. फडक्याने फळीच्या रेषेत चोळायचे, वीस मिनिटांनी उरलेले तेल पुसून घ्यायचे. दोन दिवस वाळू द्यायचे, मग दुसरा हात, मग तिसरा. पुसायचा कंटाळा केला तर चिकट थर बसतो आणि त्यावर भुसा कायमचा चिकटतो.

येथे एक इशारा, विशेषतः भगिनींसाठी, कारण फडकी शेवटी त्यांच्याच हाती येतात. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना गरम होते. बोळ्यातली ऊब बाहेर जात नाही, आणि काडी न ओढताही फडके पेट घेऊ शकते. शेजारी भुशाचा ढीग असेल तर शेड गेलीच. फडकी बाहेर दोरीवर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावीत. आमच्याकडे दाराबाहेर त्यासाठी एक जुनी बादली आहे.

रोजच्या वापरातले नियम आईने घातले आणि तेच सर्वांत जास्त पाळले जातात. चप्पल बाहेर. पायरीवर दगड आणि त्यावर तरट, कारण पायाला लागून आलेली वाळू फळीला सँडपेपरसारखी घासते. छत्री बाहेरच्या खिळ्याला. धार लावायचा पाण्याचा दगड खिडकीबाहेरच्या चिऱ्यावर. पत्र्याचा डबा जमिनीवर ठेवायचा नाही, त्याचे गंजाचे कडे उमटते. फरशीसारखी पाणी टाकून पुसायची नाही, झाडायची, आणि फार तर पिळलेल्या फडक्याने पुसायची. टेबलासमोर आप्पा जिथे उभे राहतात तिथे प्लायचा एक सुटा तुकडा टाकला आहे. तो झिजेल, डिंकाने भरेल आणि बदलला जाईल. रोज संध्याकाळी तो उचलून भिंतीला उभा करायचा, अंथरून ठेवायचा नाही. हा नियम माझ्यासाठी आहे असे आई सगळ्यांसमोर सांगते.

दरवर्षी पावसाळा संपल्यावर मागचा चिरा काढून बॅटरी मारतो, टेबलाजवळच्या दोन फळ्या उघडून खाली पडलेला भुसा गोळा करतो आणि सबंध जमिनीला तेलाचा एक हात देतो. अर्ध्या दिवसाचे काम. पहिल्या वर्षीच्या फळ्यांचा पिवळा रंग आता तांबूस तपकिरी झाला आहे. फळ्यांवर डेस्कांच्या पायांचे आणि शाईचे डाग आहेत, ते काढायचे नाहीत असे आप्पांचे म्हणणे.

पोटरीवरची टाक्यांची खूण थंडीत दुखते, मग आप्पा स्टुलावर बसून काम सांगतात आणि भाचा रंधा मारतो. बाराखडी गिरवणारी ती मुलगी आता हायस्कुलात आहे. सुट्टीच्या दिवशी येऊन धाकट्या भावाच्या डेस्काला सँडपेपर मारते. यंदा दाराजवळची एक फळी बदलावी लागेल. तिथे पावसाची झड येते आणि कडेला पांढरा भाग राहून गेला होता, तो पेचकसाला मऊ लागला. सहा स्क्रू काढायचे. पडवीत फणसाच्या चार फळ्या अजून पट्ट्यांवर आडव्या आहेत.